बडोद्याहून निवांत सायकलवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाताकडे, नर्मदेकडे आणि शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांबद्दल दांडिया बाजारपासून अलकापुरीपर्यंतची मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. अंतरं बडोदा शहरातून, एका बाजूची आणि ढोबळ आहेत. तुमचं घर मांजलपूरला की समाला, यावर पाच-सात किलोमीटर इकडेतिकडे होणारच.

बडोद्याला समुद्र कुठे आहे? सायकलने खरंच पोचता येतं?

येतं. पाद्रा, मग जंबुसर, मग कावी आणि शेवटी कंबोई, असं साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर खंबातचं आखात लागतं. पण वाळू, माड, लाटा आणि शहाळं हे चित्र मनात असेल तर ते घरीच ठेवून या. इथे मही नदी गाळ आणून ओतते आणि किनारा म्हणजे नजर पोचेल तिथपर्यंत राखाडी चिखल. पाणी येतं तेव्हा झपाट्याने येतं आणि जातं तेव्हा दिसेनासं होतं. मला हा किनारा आवडतो, पण बरोबर नेलेले पाहुणे हमखास विचारतात, 'एवढंच?' वाळूचाच किनारा हवा असेल तर खाली बोर्डी-डहाणूचा प्रश्न पाहा.

निवांत रस्ता नकाशावर ओळखायचा कसा?

नकाशावर तो ओळखता येत नाही. बारीक रेघ म्हणजे शांत रस्ता, असं धरून लोक निघतात आणि कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला नेमके तिथे सापडतात. आपल्याकडे रस्ता निवांत असतो तो ठरावीक वेळेला. पाद्रा-जंबुसर रस्ता पहाटे साडेपाचला आणि सकाळी नऊला, हे दोन वेगळे रस्ते आहेत. दुसऱ्यावर रासायनिक कारखान्यांचे टँकर असतात आणि कामगारांच्या बसेस. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवतात. कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला असतो आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. डभोई रस्त्यावर शनिवार-रविवारी एकतानगरची (म्हणजे केवडिया, जिथे सरदार पटेलांचा पुतळा आहे) पर्यटक वाहतूक असते. सोमवारी पुतळा बघायला बंद असतो, त्यामुळे तो रस्ता सोमवारी बराच मोकळा मिळतो. चांदोदजवळच्या कर्नाळीला अमावास्येला कुबेर भंडारीच्या दर्शनाला अक्षरशः रीघ लागते.

म्हणून आधी कॅलेंडर बघा, मग नकाशा. कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्यात तिथीही असते. ती दोनदा उपयोगी पडते. दुसरा उपयोग भरतीच्या प्रश्नात सांगितला आहे.

पहिल्यांदाच शहराबाहेर जायचंय. कुठून सुरुवात करू?

सिंधरोट. सेवासी ओलांडली की दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात आणि पंधरा-एक किलोमीटरवर महीचं पात्र येतं. नदीकाठची ती मातीची उंच-सखल घळईसारखी जमीन, ज्याला इकडे 'कोतर' म्हणतात, तीही तिथेच पहिल्यांदा भेटते. रविवारी सकाळी आठनंतर मात्र अर्धं शहर तिथे गाडी घेऊन येतं, तेव्हा तोवर परतीला लागा. दुसरा पर्याय आजव्याचा. सयाजी सरोवराकडे जाणारा रस्ता सपाट आहे, चहा मिळतो, आणि दमलात तर रिक्षाही मिळते.

कालव्याकाठचा रस्ता चांगला म्हणतात. तिथे जायला परवानगी आहे का?

नर्मदेचा मुख्य कालवा शहराच्या पूर्वेकडून उत्तरेकडे जातो आणि त्याच्या शाखा सगळ्या जिल्ह्यात पसरल्या आहेत. काठचे रस्ते कालव्याच्या देखभालीसाठी बांधलेले आहेत, सार्वजनिक रस्ते म्हणून नव्हे. काही ठिकाणी फाटक असतं. फाटक बंद असेल किंवा चौकीदाराने हटकलं तर वाद न घालता वळा. जिथे गावकरी स्वतः मोटरसायकली घेऊन ये-जा करतात, तिथे सायकलला सहसा कुणी अडवत नाही.

एक गोष्ट मात्र लहान मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी पाठच करावी. कालव्याची बाजू सिमेंटची, उतरती आणि पाण्याजवळ शेवाळलेली असते. हात धुवायला, बाटली भरायला, फोटोसाठी, कशासाठीही त्या उतारावर पाय ठेवायचा नाही. खाली गेलेला माणूस, पोहता येत असलं तरी, स्वतःहून वर येऊ शकत नाही, कारण धरायला काही नसतं आणि पाण्याला ओढ असते.

कावी-कंबोईचा रस्ता नेमका कसा घ्यायचा?

पाद्र्यापर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर, दुसरा चांगला पर्याय नाही. अंधार असतानाच निघा आणि उजाडताना पाद्रा मागे टाका. तिथून पुढे दोन मार्ग. सरळ जंबुसरचा रस्ता लवकर नेतो, पण टँकर सोबतीला असतात. दुसरा महीच्या बाजूने, करेली आणि गजेरा या गावांवरून. तो लांब पडतो, काही ठिकाणी डांबर उखडलेलं आहे, आणि तरी मी तोच सांगेन.

त्याचं एक कारण शांतता. दुसरं असं की दांडीयात्रा याच गावांमधून गेली. १९ मार्च १९३० च्या रात्री गांधीजी आणि त्यांचे सोबती महीच्या पलीकडच्या कंकापुऱ्याहून भरतीची वेळ साधून होडीने निघाले आणि चिखल तुडवत करेलीच्या काठाला लागले. पुढे गजेरा, जंबुसर, आमोद असा त्यांचा मार्ग होता. करेलीला नदीकाठी उभं राहून समोरचं पात्र बघितलं की ती रात्र किती अवघड गेली असेल याचा अंदाज येतो. पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं.

जंबुसरच्या पुढे झाडं कमी होत जातात. काळ्या मातीतला कापूस आणि तूर संपून खारपाट सुरू होतो, वेडी बाभूळ दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकते आणि वाऱ्याला खारट वास येतो. कावी गावात सासू-सुनेची म्हणून ओळखली जाणारी दोन जुनी जैन मंदिरं आहेत, थांबण्यासारखी आहेत. तिथून कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ थोड्याच अंतरावर.

परतीचा विचार आधी करून ठेवा. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात, आणि तेही उन्हात. सवय नसेल तर जाताना सायकल, येताना टेम्पो किंवा घरच्यांची गाडी. त्यात कमीपणा काही नाही.

स्तंभेश्वराला भरती कधी येते? आजी म्हणते, तिथीची पाऊणपट करायची.

आजीचं गणित बरोबर आहे, पण ते मुंबई-कोकणातलं. तिथे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खंबातच्या आखातात हा हिशेब चालत नाही. भरतीची लाट अरुंद होत जाणाऱ्या आखातातून आत सरकते, तिला इथवर पोचायला आणखी काही तास लागतात, आणि अरुंद होता होता ती उंचही होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा.

दिवसातून दोनदा स्तंभेश्वराची पिंड पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडी पडते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे मागच्या रविवारी गेलेल्या मित्राची वेळ तुमच्या कामाची नाही. निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक बघा किंवा देवस्थानात विचारा. सायकलवाल्याला सगळ्यात सोयीचा दिवस तो, ज्या दिवशी ओहोटी सकाळी दहा-अकराच्या सुमारास असते : पोचलात की दर्शन होतं, आणि थोडं थांबलात तर पाणी परत येताना दिसतं.

ओहोटीत चिखलावर चालत पुढे जाऊ नका. वरून कोरडा दिसतो आणि गुडघ्यापर्यंत आत घेतो. आणि पाणी परत यायला लागलं की माणसाच्या चालीपेक्षा वेगाने येतं.

आणंदकडच्या मित्रांबरोबर महीच्या दोन्ही काठांनी गोल फेरी करायची आहे. गंभीरा पुलावरून जाऊ का?

तो पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला, माणसं गेली. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये आणि मोबाइलमध्ये साठवलेल्या फेऱ्यांमध्ये तो अजून दिसतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. मही ओलांडायला सिंधरोटजवळचा उमेटा पूल धरा, किंवा वासद. फेरी त्याप्रमाणे लहान करावी लागेल. वासदचा पूल हमरस्त्यावर असल्याने मी उमेट्याच्या बाजूने झुकतो.

एक्स्प्रेसवेच्या कडेने सायकल चालवली तर?

नाही. अहमदाबाद-बडोदा असो की नवा दिल्ली-मुंबई, दोन्हींवर सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे.

डभोई, चांदोद, वढवाणा एकाच दिवसात होईल का?

होईल, पण वढवाण्याला घाई केली तर जाण्यात अर्थ नाही. हा तलाव गायकवाडीत सिंचनासाठी बांधला, ओरसंग नदीचं पाणी त्यात येतं, आणि २०२१ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हंस, चक्रवाक, करकोचे, बदकं यांची गर्दी असते. पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे येतात आणि सकाळी आसपासच्या शेतांत चरायला उतरतात. त्यामुळे तलावावर पोचण्याआधीच, रस्त्याकडेच्या गव्हात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला तो करडा हंस दिसू शकतो. सायकलचा फायदा इथे कळतो : गाडी थांबली की पक्षी उडतात, सायकल थांबली तर बऱ्याचदा मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.

डभोईला, तीस किलोमीटरवर, नाश्ता करा आणि हिरा भागोळ हा जुना दरवाजा बघा. दगडी कोरीवकाम जवळून पाहायला सायकल भिंतीला टेकवली की झालं. १७३१ मध्ये बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई याच परिसरात झाली. दाभाडे पडले आणि गुजरातेत गायकवाडांचं पारडं पुढे जड होत गेलं. म्हणजे आपण बडोद्यात मराठी बोलतोय त्यात या शेतांचाही हात आहे. रेल्वेप्रेमींसाठी : डभोई-मियागाम ही १८६२ ची नॅरोगेज गाडी सुरुवातीला बैल ओढायचे.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग मिळतात, तिसरी सरस्वती गुप्त मानतात. बडोद्याची मराठी घरं तिथे क्रियाकर्मासाठी जातात, त्यामुळे 'सहलीला चांदोद?' असं घरात कुणीतरी म्हणणारच. घाटावरून सकाळी होडीतून संगमावर जा आणि मग ठरवा. डभोई रस्त्याच्या रहदारीबद्दल वर निवांत रस्त्याच्या प्रश्नात आहेच. तो टाळायचा असेल तर कायावरोहणवरून आतल्या रस्त्याने डभोईला या. लकुलीशाचं (त्याला शिवाचा अवतार मानतात) स्थान म्हणून ते गावही पाहण्यासारखं आहे.

नारेश्वर किंवा गरुडेश्वरला सायकलवारी करायची आहे. जमेल?

नारेश्वर, रंग अवधूत महाराजांचं स्थान, साठ किलोमीटरच्या आसपास आहे. नर्मदेच्या बाजूला केळीच्या बागा आणि ऊस, त्यामुळे शेवटचा टप्पा सावलीचा. पहाटे निघून दुपारच्या प्रसादाला पोचता येतं. गरुडेश्वर लांब, ऐंशीच्या पुढे. टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये तिथे देह ठेवला. ते दोन दिवसांचं काम समजा आणि मुक्कामाची सोय आधी फोन करून पक्की करा. गुरुपौर्णिमा आणि दत्तजयंती सोडून गेलात तर रस्ताही मिळेल आणि जागाही.

सगळं सपाटच आहे. चढ कुठे मिळेल?

पावागड. चांपानेर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, तिथून माचीपर्यंतचा घाट हाच जवळपासचा एकमेव खरा चढ. हालोलचा हमरस्ता टाळायला वाघोडिया तालुक्यातले आतले रस्ते धरा, तरी शेवटी थोडा हमरस्ता येतोच. दोन्ही नवरात्रांत तिकडे फिरकू नका. चांपानेरचे अवशेष २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत; पाय दुखत असतील तर घाट सोडा आणि मशिदींच्या आवारात बसा. पुढे जांबुघोड्याच्या जंगलातला रस्ता फारच सुंदर, पण तो मुक्काम करूनच.

कोणते महिने चांगले, आणि वाऱ्याचं काय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सकाळी नऊपर्यंत. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सातच्या आत घरी.

वाऱ्याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत आणि मग पाय बदनाम होतात. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून. म्हणजे जंबुसरकडे जाताना तो पाठीशी असतो, तुम्हाला वाटतं आज काय फॉर्म आहे, आणि परत येताना तोच छातीवर. अशा दिवशी अर्ध्यापेक्षा आधीच वळा. उन्हाळ्यात उलट : नैर्ऋत्येचा वारा जाताना त्रास देतो, येताना ढकलत आणतो.

पावसाळ्यात जाऊ नये का?

डांबरावर जा, मातीवर नको. कानम, म्हणजे इकडच्या कापसाच्या पट्ट्यातली काळी माती ओली झाली की टायरला थर धरते, मडगार्ड आणि चाकामध्ये घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. मुसळधार पावसानंतर दोन-तीन दिवस ढाढर आणि विश्वामित्रीच्या काठची गावं टाळा. मगरी फक्त शहरातल्या पुलाखालीच असतात असं नाही. पूर आला की त्या नाल्यांतून, तळ्यांतून आणि कधी रस्त्यावरही दिसतात. गावतळ्याच्या काठावर बसून डबा खायची हौस या दिवसांत बाजूला ठेवा.

पतंगाच्या मांज्याची भीती वाटते. जानेवारीत बंदच ठेवू?

शहरात, हो. १४ आणि १५ जानेवारीला तर सायकल बाहेर काढूच नका. पण मांजा उत्तरायणाच्या आधी दोन-तीन आठवडे आणि नंतरही झाडांवर, तारांवर लटकत असतो. मानेभोवती जाड मफलर किंवा गळपट्टा, आणि हँडलवर मधोमध उभी सळी, जशी स्कूटरवाले लावतात. उजाडायच्या आत शहराची हद्द ओलांडा, परत येताना हळू या. उड्डाणपुलांवर धोका जास्त, कारण तिथे आपण घरांच्या गच्च्यांच्या उंचीवर असतो.

कंबोईच्या रस्त्याला दर वेळी पंक्चर होतं. टायर बदलू का?

आधी काटा काढताय का ते बघा. वेडी बाभूळ (गुजरातीत गांडो बावळ) छाटली की फांद्या रस्त्याच्या कडेला पडतात. तिचा काटा टायरमध्ये शिरून बाहेरून तुटतो, टोक आत राहतं. पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावतो, आणि तेच टोक पुढच्या गावात तिला पुन्हा भोसकतं. टायर काढून आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे काटा. नखाने निघत नाही. छोटी पक्कड किंवा नेलकटर लागतं. बोट फिरवून शोधू नका, काटा बोटात मोडतो. कडेच्या मातीत न उतरता डांबरावरच चालवा, आणि दोन ट्यूब बरोबर घ्या. जंबुसरच्या पुढे पातळ टायरची ट्यूब दुकानात मिळेल, या भरवशावर राहू नका.

गिअरची सायकल लागतेच का?

पावागड सोडला तर नाही. उलट साध्या काळ्या सायकलचं सामान प्रत्येक गावात मिळतं.

वाटेत खायला काय?

पाद्रा, डभोई, जंबुसरला सकाळी फाफडा, गोटे, चहा हमखास. सेव-उसळ बडोद्याबाहेर मागू नका, निराशा होते. ती परत आल्यावर. थंडीत रस्त्याकडेला नीरा मिळते, ती ऊन चढायच्या आत प्या. नंतर ती आंबते. डिसेंबर-जानेवारीत पोंक, म्हणजे आपला हुरडा, दिसला की थांबायचं. जंबुसर ते कंबोई मात्र पाणी स्वतःचं न्या. त्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट आहे.

कुत्री मागे लागतात आणि पहाटे नीलगायी आडव्या येतात. काय करावं?

कुत्र्यांसाठी वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. हद्द संपली की ती परततात. नीलगायीचं वेगळं. एक रस्ता ओलांडून गेली म्हणजे मोकळं, असं समजू नका. मागून कळप असतो. पूर्ण थांबा.

मी एकटी जाते. घरचे काळजी करतात. कोणता रस्ता सुचवाल?

सिंधरोट आणि आजवा, दोन्हीवर सकाळी चालणारे-धावणारे असतात. लांबच्यासाठी डभोईची बाजू, कारण गावं जवळजवळ आहेत आणि देवळं, दूध डेऱ्या पहाटेपासून उघड्या असतात. कालव्याकाठचा रस्ता आणि कावीच्या पुढचा खारपाट एकटीने नको. हे मी पुरुषांनाही सांगतो. कुणी थांबवून चौकशी केली तर थोडी गुजराती पुष्कळ काम करते. 'बेन, क्यां जाव छो?' हा प्रश्न बहुतेक वेळा नुसत्या कुतूहलाचा असतो आणि उत्तर दिलं की चहा पुढे येतो.

खरा वाळूचा किनारा, शांत रस्ता, आणि एका रात्रीचा मुक्काम. कुठे?

उंबरगाव ते डहाणू. बडोद्याहून रेल्वेने उंबरगाव रोड किंवा घोलवड गाठा, तिथून बोर्डी आणि मग किनाऱ्याच्या रस्त्याने डहाणू. बोर्डी ते डहाणू सतरा किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सायकलची चाकं काढून पिशवीत घाला. सामानाच्या डब्यात चढवायची असेल तर पार्सल कार्यालयात आधी विचारा, कारण छोट्या स्थानकांवर थांबा एवढा कमी असतो की ती उतरवायला वेळ मिळत नाही. इथे आजीचं पाऊणपटीचं गणित जवळपास जुळतं.

अमावास्या रविवारी आली आहे, सुट्टी तेवढीच आहे, आणि मला कंबोईला उधाणाची भरती बघायचीच आहे. तरी जाऊ का?

जा, पण रविवारी सकाळी बडोद्याहून निघू नका. शनिवारी दुपारी ऊन उतरल्यावर निघून जंबुसरला मुक्काम करा. रविवारी पहाटे उरलेले पंचवीस-तीस किलोमीटर कापले की मोटारी यायच्या आत कंबोईला असाल. पाणी चढताना बघा आणि पार्किंग भरायला लागलं की निघा. परतीला पाद्र्याचा रस्ता रविवारी टँकरच्या बाबतीत थोडा हलका असतो, पण संध्याकाळी देवदर्शनाच्या गाड्या एकदम शहराकडे लोटतात. दुपारी तीनच्या आत पाद्रा ओलांडणं जमत नसेल तर गजेऱ्याच्या बाजूने या.